डांगराचं भांडण

चुका काढण्याचा मला पगार मिळतो. चेन्नईच्या बाहेर मोटारींच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीला आहे. गाडीचं दार नीट बसतंय का, रंगाखाली कण राहिलाय का, हे दिवसभर बघायचं आणि सापडलं की त्या विभागाच्या माणसाला बोलावून चार शब्द सुनवायचे. ही सवय संध्याकाळी वेलचेरीच्या घरी येताना चपलांसारखी दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. नवरा म्हणतो, "बाई, मी गाडी नाही." मग उरलेली खुमखुमी मी आमच्या ग्रुपवर भागवते.

ग्रुप म्हणजे चेन्नईतल्या मराठी माणसांचा व्हॉट्सॲप ग्रुप. काढला होता तो अगदी साळसूद हेतूनं. भाड्याचं घर कुठे मिळेल, पातळ पोहे कोण ठेवतो, गणपतीची आरती सांगणारा कुणी आहे का, असल्या चौकशांसाठी. ॲडमिन अण्णा नगरला राहतात, बँकेतून निवृत्त झालेत आणि सूचना लिहिताना अजूनही खाली 'आपला विश्वासू' लिहितात. त्यांच्या त्या साळसूद ग्रुपचं आम्ही दोन-तीन महिन्यांत कुस्तीचं मैदान करून टाकलं.

मैदान म्हटलं की दोन तट हवेतच. एका बाजूला आम्ही, म्हणजे नोकरीसाठी पुण्या-साताऱ्याकडून अलीकडे आलेले. दुसऱ्या बाजूला तंजावरकडची मराठी घराणी, जी कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत उतरली आणि परत गेलीच नाहीत. आम्ही त्यांना म्हणायचो, तुमचं मराठी संग्रहालयात ठेवायला हवं. ते म्हणायचे, तुमचं मराठी दुरुस्तीला टाकायला हवं. दर शुक्रवारी ऑफिस सुटलं की कुणीतरी काडी टाकायचं आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत नुसती धुमश्चक्री. नियम एकच होता. ज्याच्या शेवटच्या वाराला उत्तर सुचणार नाही तो जिंकला आणि पुढच्या भांडणापर्यंत ग्रुपचं नाव त्यानं ठेवायचं. त्यामुळे आमच्या ग्रुपचं नाव कधी 'पोळीत नारळ घालणाऱ्यांचा जाहीर निषेध' असे, तर कधी 'चहा पिणाऱ्यांना कापी समजत नाही'. कापी म्हणजे इकडची कॉफी. नवीन माणसाला आपण नक्की कशात सामील झालोय हे कळायला वेळ लागायचा.

तंजावरच्या तटाचे सेनापती होते मामा. नात्यानं कुणाचेच मामा नाहीत, पण इकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मामाच म्हणतात, आणि बाईला, वयानं लहान असली तरी, अम्मा. तिरुवल्लिकेणीच्या जुन्या गल्लीत, देवळापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. शाळा तमिळमध्ये झाली, नोकरी इंग्रजीत झाली, मराठी फक्त घरात बोलायची. त्यामुळे देवनागरी ते अडखळत वाचायचे, पण लिहिता येत नसे. ते आवाज पाठवायचे. मागे कावळा, कुकरची शिट्टी, फुलं विकणाऱ्या बाईची हाळी, आणि त्यावर मामांचा तो संथ, तमिळ हेल काढत जाणारा आवाज. मी भाजी चिरताना फोन ओट्यावर उभा करून ठेवायची आणि त्यांचं बोलणं पुन्हा पुन्हा लावायची. शिव्यासुद्धा ते अशा घालायचे की ऐकत राहावं.

आमचं दोघांचं खास भांडण डांगरावरून होतं. डांगर म्हणजे उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर फोडणी दिलेलं तोंडीलावणं. आमच्याकडे साताऱ्याला त्यात कच्चा कांदा पडतो. तंजावरकडे डांगर आहे, दही आहे, हिंगाची फोडणी आहे, पण कांदा नाही. मी एका शुक्रवारी लिहिलं, "कांदा न घातलेल्या डांगराला आमच्याकडे भिजवलेलं पीठ म्हणतात. त्यानं पत्रिका चिकटवतात."

मामांचं उत्तर आलं. "अस्के लोक ऐका," त्यांनी सुरुवात केली. अस्के म्हणजे सगळे. मामांचा प्रत्येक हल्ला याच तीन शब्दांनी सुरू व्हायचा. "अस्के लोक ऐका. साताऱ्याच्या अम्मांना डांगर करतां येत नाहीं, म्हणून त्या वरती कांदा पसरतात. घर झाडतां येत नाहीं म्हणून सतरंजी पसरावी तसं. कांदा हा आळशी माणसाचा मसाला, अम्मा."

आमचा तट गारद झाला. मलाच काही सुचेना, इतकी मी हसत होते. आठवडाभर ग्रुपचं नाव 'कांदा हा आळशी माणसाचा मसाला' असं राहिलं आणि ते माझ्याच हातांनी टाइप करावं लागलं, कारण मामांना लिहिता येत नव्हतं.

आता ग्रुपला ठाऊक नसलेली गोष्ट सांगते. त्याच आठवड्यात मामांचा मला फोन आला. "पत्ता सांग. तोंडानं सांगून तुला कळणार नाहीं, चाखवावंच लागेल." रविवारी सकाळी ते तिरुवल्लिकेणीच्या स्टेशनवरून गाडीत बसले आणि वेलचेरीला उतरून शेअर ऑटोनं थेट आमच्या दारात. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात डांगर. माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मी खाते कशी ते त्यांनी डोळ्यात तेल घालून पाहिलं. डांगर झकास होतं. मी म्हटलं, "ठीक आहे." मामा म्हणाले, "ठीक म्हणते आणि बोटं चाटते."

डब्याच्या अंगावर तमिळ अक्षरांत नाव कोरलेलं होतं. मामींचं. लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव कोरून घ्यायची पद्धत इकडे आहे तशी आमच्याकडेही आहे, त्यामुळे ती अक्षरं वाचता आली नाहीत तरी काय आहे ते कळलं. मामी जाऊन काही वर्षं झाली होती. डब्याचं झाकण लावताना मामांनी त्या नावावरून अंगठा फिरवला, सहज, धूळ पुसावी तसा.

डबा रिकामा परत करायचा नाही, हे मला आईनं शिकवलंय. पुढच्या रविवारी मी त्यात कांदा घातलेलं डांगर भरून तिरुवल्लिकेणीला गेले. मामांनी कांदा काठाला सारून बाकीचं साफ केलं. परत निघताना रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून त्यांनी मला लिंबाचं लोणचं दिलं. ते ज्या वाटीत दिलं ती वाटी परत करताना मी सोबत माझ्या आईचं नाव कोरलेला डबा भरून नेला, आणि तेव्हापासून काय कुणाकडे आहे याचा हिशेब आम्ही सोडून दिला. शुक्रवारी ग्रुपवर एकमेकांची सालटी काढायची आणि रविवारी एकमेकांच्या घरी जेवायचं. ग्रुपवर हे सांगायचं कारणच नव्हतं. सांगितलं असतं तर भांडणाची सगळी मजा गेली असती.

मामांची आणखी एक खोड होती. भांडण ऐन रंगात आलं की ते ग्रुप सोडून जायचे. "ह्या बाईसंगे एका छपराखालीं मी राहणार नाहीं!" असं गरजून बाहेर. जुने लोक हसायचे, ॲडमिन निमूटपणे त्यांना परत आत घ्यायचे आणि मामा पहिल्याच संदेशात विचारायचे, "मी नव्हतों तेव्हां काय झालं?"

यात एक मुलगा नवीन आला. मुलगा म्हणजे इंजिनियर, सांगलीचा, तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये खोली घेऊन राहणारा. इकडे एकट्या पुरुषांच्या राहण्याच्या जागेला मॅन्शन म्हणतात. नावावर जाऊ नये, एक खाट आणि एक खिडकी असते. त्याला ग्रुपमध्ये येऊन आठवडाही झाला नव्हता. त्या शुक्रवारी मी मामांना लिहिलं होतं, "तुमची जीभ म्हातारी झाली, आता तिला पेन्शन द्या," आणि मामा नेहमीप्रमाणे गरजून निघून गेले होते. पोराला ते खरंच वाटलं. त्यानं भला मोठा संदेश लिहिला. वडीलधाऱ्या माणसाचा असा अपमान पाहून आपल्याला झोप लागणार नाही, आपल्या गावी असं कुणी बोललं असतं तर तोंडाला काळं फासलं असतं, वगैरे. त्याचं मन सोन्यासारखं होतं. पण आगीत तेल पडलं ते पडलंच. गप्प असलेल्या दोघातिघांनी त्याला दुजोरा दिला, एका बाईंनी 'संस्कार' हा शब्द काढला, आणि ॲडमिननी सूचना टाकली. येत्या रविवारच्या स्नेहभोजनानंतर ग्रुपवर फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील. आपला विश्वासू.

मी त्यांना फोन करून सांगितलं की मामा आणि मी मित्र आहोत, ते आमच्याकडे जेवायला येतात. ते म्हणाले, "आता तुम्ही असंच म्हणणार." बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाशी बोलावं तसा आवाज होता.

त्यानंतर मामांचा फोन आला. एरवी फोनवर ते आधी दोन टोमणे मारत, मग विषयावर येत. या वेळी टोमणा नव्हता.

"अम्मा, खरंच की? रविवारनंतर कोणीं बोलायचं नाहीं?"

"तसं म्हणतायत."

"मग मी कोणासंगे बोलूं?" ते म्हणाले. "पोरगा तमिळ बोलतो, सून तमिळ बोलते, नातवंडं इंग्रजी. ती होती तोंवर घरांत आपली भाषा होती. ती गेली तेव्हां मीं मनांत म्हटलं, झालं, संपलं. मग हा फोन आला, तुम्ही लोक आलांत. मी सकाळीं उठून विचार करतों, आज कोणाला चिडवूं. आतां हेंही बंद केलं तर आपणच आपल्यासंगे बोलायचं की?"

मला भरून आलं, आणि त्याहून जास्त राग आला. रागात माझं डोकं बरं चालतं. मी ॲडमिनना पुन्हा फोन लावला आणि म्हटलं, कुलूप लावण्याआधी निकाल तरी लावा. स्नेहभोजनाला दोघांचं डांगर ठेवू, लोक चाखून मत देतील, विषय कायमचा मिटेल. ते विचार करून म्हणाले, "मिटला आणि तुम्हा दोघांचा खरोखर समेट झालेला मला दिसला, तर ग्रुप चालू ठेवीन. पण तिथेही जुंपली तर कुलूप." आणि एक अट घातली. कोणतं कुणाचं ते कळता कामा नये, म्हणून दोघांनीही कांदा घालायचा नाही. साताऱ्याच्या बाईनं कांद्याशिवाय डांगर करायचं! पण मामांसाठी मी तेही केलं.

रविवारी अण्णा नगरच्या हॉलमध्ये झाडून सगळे आले होते. जेवायला कमी, बघायला जास्त. मामा पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसून एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. ॲडमिननी बजावलं होतं की आम्ही टेबलापासून लांब बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. दोघांचे डबे त्यांनी स्वतः मांडले. दोन्ही स्टीलचे, साधारण एकाच मापाचे. डब्यावरची कोरलेली नावं त्यांच्या लक्षात आली, माणूस बँकेतला, म्हणून त्यांनी त्यावर कागद चिकटवून एकावर 'एक' आणि दुसऱ्यावर 'दोन' लिहिलं. मतासाठी समोर दोन वाट्या ठेवल्या आणि प्रत्येकाच्या हातात एक चिंचोका दिला. चिंचोके वाटायचं काम सांगलीच्या त्या मुलाकडे होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

पण बँकेतल्या माणसाला चेन्नईचा दमटपणा लक्षात राहिला नव्हता. दही गार, हवा ही अशी. डब्यांना दरदरून घाम सुटला आणि कागदाच्या कडा सुटायला लागल्या.

चुका बघण्याची माझी नजर. पहिल्याच बाईंनी वाढून घेताना डबा किंचित कलता केला आणि अंगठ्यानं कागदाची कड उचलली. दुसऱ्या गृहस्थांनी चष्मा पुसण्याचं निमित्त करून वाकून पाहिलं. मग काय, रांगच लागली. नाव वाचायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं अक्षराचं वळण दिसलं तरी पुरे. एक नंबरवर देवनागरी, म्हणजे साताऱ्याचा डबा. दोन नंबरवर तमिळ, म्हणजे मामांचा. आमच्या पुण्याकडच्या लोकांनी दोन्ही डांगरं चाखल्यासारखी केली, डोळे मिटले, माना डोलावल्या आणि चिंचोका एक नंबरच्या वाटीत टाकला. तंजावरच्या लोकांनी तितक्याच गांभीर्यानं तो दोन नंबरच्या वाटीत टाकला. मला संताप यायला लागला. ही कसली तपासणी! आमच्या कारखान्यात असं कुणी केलं असतं तर मी त्याला उभा चिरला असता.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी डांगर आणलं होतं ते मामींच्या डब्यात.

तो माझ्याकडे होता, मामांना द्यायचा होता, आणि रिकामा कसा द्यायचा. आज डांगर न्यायचंच आहे तर त्यातच नेऊ, तिथल्या तिथे परत करता येईल, असा घरातल्या कुठल्याही बाईनं केला असता तसा सोयीचा विचार मी केला होता. माझ्या आईच्या नावाचा डबा मामांच्या घरी होता. म्हणजे मामांनीही तोच विचार केला होता.

मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाहिलं. मामा माझ्याकडेच बघत होते. त्यांचे खांदे हलत होते. त्यांनी उपरण्याचं टोक तोंडात कोंबलं होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला हसू आवरेना म्हणून मी मान खाली घालून चपलेचा पट्टा नीट करत बसले. दोन्ही तट इमानेइतबारे शत्रूला मतं देत होते, आणि हे हॉलमध्ये आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

आमच्याकडची माणसं जास्त, त्यामुळे एक नंबरची वाटी शिगोशीग भरली. ॲडमिन उभे राहिले. "पहिल्या क्रमांकाचं डांगर विजयी. आता हे कुणाचं ते..." त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत आमच्या लोकांनी टाळ्या आणि शिट्ट्या सुरू केल्या. "सातारा! सातारा!"

मामा सावकाश उठले. "अस्के लोक ऐका," ते म्हणाले. "तें डांगर माझं."

आमच्यातले एक गृहस्थ तावातावानं पुढे झाले. "असं कसं? डब्यावर तर देवनागरी..." आणि तिथेच त्यांनी जीभ चावली. मग बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळ्यांना सगळं कळलं, की पाहिलं होतं सगळ्यांनीच. आधी एकजण फिसकन हसला, मग हॉलचं छप्पर उडायची वेळ आली. तंजावरच्या एका आजीबाई मघाशी साताऱ्याच्या डांगराला मत देऊन आल्या होत्या. त्या खुर्चीत बसून "अय्यो, अय्यो" करत पदर डोळ्यांना लावत होत्या.

ॲडमिन मात्र हसले नाहीत. ते दोन्ही डब्यांवरचे कागद सोलून बघत होते. "पण मामा, तुमचं डांगर यांच्या डब्यात गेलं कसं?"

"तिचा डबा माझ्या घरीं होता," मामा म्हणाले. "रिकामा कसा परत द्यावा?"

"आणि हा दुसरा?"

"मामींचा," मी म्हटलं. "माझ्याकडे होता."

ॲडमिननी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी फोनवर काय सांगितलं होतं ते त्यांना आत्ता ऐकू आलं असावं. "म्हणजे तुम्ही दोघं खरोखर भांडत नाही?"

"भांडतों की!" मामा जवळजवळ ओरडलेच. "नाहीं भांडलों तर जेवण कसं जाईल?"

ॲडमिननी खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला, आणि सगळ्यांसमोर ती सूचना मागे घेतली. या वेळी 'आपला विश्वासू' लिहायचं ते विसरले.

सांगलीचा मुलगा उरलेले चिंचोके मुठीत धरून माझ्याजवळ आला. माफी मागेल असं वाटलं. तो म्हणाला, "ताई, मी मामांच्या शेजारच्याच गल्लीत राहतो. माझ्याशी पण कुणीतरी भांडा ना." मामांनी ते ऐकलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून लगेच सांगलीच्या भडंगाला नावं ठेवायला सुरुवात केली.

संध्याकाळी मेट्रोनं सेंट्रलपर्यंत आणि तिथून पुढे वेलचेरीच्या गाडीनं मामा आणि मी बरोबरच निघालो. दोन्ही डबे घासून-पुसून माझ्या पिशवीत होते. तिरुवल्लिकेणी जवळ आलं तसा मी मामींचा डबा काढून त्यांच्या हातात दिला. देताना लक्षात आलं की तो रिकामा आहे. मामांच्याही ते लक्षात आलं. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उतरला.

"रिकामा दिलास तर भांडण संपतं, अम्मा," ते हळूच म्हणाले.

माझ्या पर्समध्ये काहीच नव्हतं. रुमाल, चाव्या, मेट्रोचं कार्ड. हाताला लागला तो एक चिंचोका. मत देणारे लोक निघून गेल्यावर टेबलाखाली सापडलेला मी उगीच उचलून ठेवला होता. तो मी डब्यात टाकला. टण्ण आवाज झाला. मामांनी झाकण लावलं, मामींच्या नावावरून अंगठा फिरवला आणि डबा कानाशी धरून हलवून पाहिला. मग समाधानानं उतरून गेले.

मी वेलचेरीला पोचायच्या आत फोन वाजला. ग्रुपवर मामांचा आवाज, मागे स्टेशनची घोषणा, आणि स्टीलच्या डब्यात काहीतरी खुळखुळत होतं.

"अस्के लोक ऐका! साताऱ्याच्या अम्मांनी आज मला जेवायला काय दिलं, माहीत आहे की?"